बोधगयेला रेल्वेने निघालेल्या परदेशी उपासकांसाठी रेल्वे मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
रेल्वे मंडळ, रेल भवन, नवी दिल्ली.

विषय: साध्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांनी गयेला जाणाऱ्या परदेशी बौद्ध यात्रेकरूंच्या आरक्षणाची, प्रवासातील माहितीची आणि गया ते बोधगया या शेवटच्या टप्प्याची व्यवस्था.

महोदय,

नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी अशोक विजयादशमीला जो जनसागर लोटतो, त्यात श्रीलंका, थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम, जपान अशा देशांतून आलेले भिक्खू आणि उपासकही असतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती भूमी पाहावी, कामठीच्या ड्रॅगन पॅलेस विहारात जाऊन यावे आणि मग बोधगयेला महाबोधी महाविहारात वंदना करावी, असा त्यांचा साधारण बेत असतो. त्यांच्यापैकी काहीजण आमच्या वस्तीतील विहारात उतरतात आणि त्यांच्या पुढच्या प्रवासाची तिकिटे काढून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. या कामात जे दिसले, ते आपल्यापर्यंत पोहोचावे आणि ते इतरांनाही वाचता यावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. बोधगयेला जाणारा परदेशी माणूस सहलीचे पॅकेज घेऊन आला असेल, तर त्याचा विचार रेल्वेने फार पूर्वीच केलेला आहे. पण तोच माणूस साधे तिकीट काढून, इथल्या प्रवाशांच्या शेजारी बसून जाऊ इच्छित असेल, तर तिकिटाच्या खिडकीपासून गयेच्या फलाटापर्यंत त्याचा विचार कोणी सलगपणे केलेला दिसत नाही. सोयी आहेत, पण त्या सुट्यासुट्या आहेत, आणि एका सोयीपासून दुसरीपर्यंत त्याला कोणा ओळखीच्या माणसाच्या भरवशावरच जावे लागते.

पॅकेजची गोष्ट आधी सांगते, कारण तिथे रेल्वेचे श्रेय रेल्वेला दिलेच पाहिजे. २००७ पासून आयआरसीटीसी चालवत असलेली महापरिनिर्वाण एक्स्प्रेस दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावरून निघते आणि बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, लुंबिनी, कुशीनगर, श्रावस्ती अशी सगळी यात्रा आठ दिवसांत घडवते. वातानुकूलित डबे, जेवण, स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या बसगाड्या, मुक्कामाची हॉटेले, मार्गदर्शक, अशी तिची आखणी आहे. ज्यांना ती परवडते आणि ज्यांच्या तारखा तिच्या तारखांशी जुळतात, त्यांच्यासाठी ती उत्तमच आहे. परंतु श्रीलंकेतल्या खेड्यातून पैसे साठवून आलेल्या उपासिकेला, किंवा दानावर प्रवास करणाऱ्या म्यानमारच्या भिक्खूला तिचे भाडे झेपणारे नाही; आणि ज्याला नागपूरहून किंवा कोलकात्याहून निघायचे आहे त्याने आधी दिल्ली गाठावी, हेही व्यवहार्य नाही.

यावर कोणी असे म्हणेल की, हिवाळ्याच्या हंगामात गयेच्या विमानतळावर बँकॉक, यांगून, कोलंबो येथून थेट विमाने उतरतात, तेव्हा अशा यात्रेकरूला रेल्वेची गरजच काय. गरज अशी की, धम्मयात्रा एका ठिकाणी जाऊन संपत नाही. बोधगयेइतकेच सारनाथ आणि कुशीनगरही तिचा भाग आहे, आणि ही स्थळे जमिनीच्या वाटेनेच जोडलेली आहेत. उरुवेलेला, म्हणजे आजच्या बोधगयेला, संबोधी प्राप्त झाल्यावर भगवान बुद्ध पाच जुन्या सोबत्यांना धम्म सांगण्यासाठी इसिपतनला, म्हणजे आजच्या सारनाथला, पायी गेले. ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपासची असावी असे मानतात. आज गया ते वाराणसी जाणारी गाडी थोड्याफार फरकाने त्याच प्रदेशातून जाते. श्रद्धावान माणसाला ती भूमी खिडकीतून पाहायची असते, आणि हे समाधान विमान देऊ शकत नाही. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्या बाईंनी ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगितली होती.

या बाई श्रीलंकेतल्या एका गावच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गावात लहानथोर सगळे त्यांना ‘टीचर’ म्हणतात, म्हणून विहारातही त्या सगळ्यांच्या टीचरच झाल्या. दीक्षाभूमीचा सोहळा आटोपल्यावर त्यांना बोधगयेला जायचे होते आणि त्यांच्यासोबत मी निघाले. पुढे जे लिहिले आहे त्यातील पुष्कळसे त्या प्रवासात जवळून पाहिलेले आहे.

तिकिटापासून सुरुवात करते. परदेशी पर्यटकांसाठी आपण स्वतंत्र कोटा ठेवला आहे, त्यातील आरक्षण ३६५ दिवस आधीपासून करता येते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वसाधारण आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणतानाही आपण परदेशी पर्यटकांची ही सवलत कायम ठेवली, याचे स्वागतच आहे. अडचण अशी की हा कोटा निवडक गाड्यांच्या वरच्या वर्गांपुरता आहे. ज्या यात्रेकरूला स्लीपरने किंवा फार तर थ्री टायर एसीने जायचे आहे, त्याच्या उपयोगाला तो क्वचितच येतो. नवी दिल्ली स्थानकाच्या पहिल्या मजल्यावर परदेशी पर्यटकांसाठी आरक्षणाचे स्वतंत्र कार्यालय आहे. परंतु जो माणूस दिल्लीला जाणारच नाही त्याने कोणत्या शहरात, कोणत्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून तिकीट मागायचे, हे सांगणारी साधी यादीसुद्धा मोठ्या स्थानकांच्या आरक्षण केंद्रात त्याच्या नजरेस पडेल अशी लावलेली नसते.

मग उरते तत्काळ. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी झालेले खाते आवश्यक झाले. दलाल आणि त्यांची सॉफ्टवेअर काही सेकंदांत सगळ्या जागा उचलत होती, त्याला आळा घालण्यासाठी हे पाऊल उचलले गेले, आणि सामान्य प्रवासी म्हणून मला ते पटते. पण पर्यटक व्हिसावर चार-सहा आठवड्यांसाठी आलेल्या माणसाकडे आधार असणे शक्यच नाही. परदेशी मोबाइल क्रमांकावर आयआरसीटीसीचे खाते उघडण्याची सोय आहे, त्यासाठी तो वेगळे शुल्कही भरतो, आणि सकाळी दहा वाजता तत्काळ सुरू झाल्यावर त्याला कळते की हे दार आपल्यासाठी नाही. अधिकृत एजंटकडे जावे, तर तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात एजंटला मनाई आहे, आणि हंगामात अर्ध्या तासानंतर काय शिल्लक राहते हे आपणास सांगायला नको. टीचरांचे तिकीट मी माझ्या खात्यावरून काढले. ज्या परदेशी माणसाला इथे कोणी यजमान आहे त्याचे असे निभावते. ज्याला कोणी नाही, तो स्थानकाबाहेर घुटमळणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती पैसे आणि पासपोर्टची प्रत देतो. म्हणजे जो नियम दलालांना हटवण्यासाठी केला, त्याच नियमाने या एका वर्गाला दलालाच्या दारात नेऊन उभे केले आहे. मंडळाने हे जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. नियम लिहिताना हा प्रवासी समोर नव्हता, एवढेच म्हणते.

पासपोर्ट आणि व्हिसा क्रमांक यांची पडताळणी हा आधारला पर्याय म्हणून चालू शकतो. प्रत्येक परदेशी माणूस या देशात शिरतानाच त्याची ही माहिती सरकारकडे नोंदली जाते. एका खात्यावरून महिन्याला किती तिकिटे निघावीत याची मर्यादा आपण घालू शकता, प्रवासात मूळ पासपोर्ट दाखवणे सक्तीचे करू शकता. ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

तिकीट हाती आल्यावरही ते काय आहे हे परदेशी माणसाला कळत नाही, याचा अनुभव मला वारंवार येतो. पैसे घेतले, तिकीट आले, त्यावर गाडीचे नाव आणि तारीख आहे, तरीही आपल्याला गाडीत जागा नाही, हे वेटिंगचे तत्त्व आपल्या अंगवळणी पडले आहे. बाहेरून आलेल्याला ते समजावून सांगताना नाकी नऊ येतात. आरएसी म्हणजे एकाच बाकावर दोघांनी बसून रात्र काढायची, आणि दुसरा माणूस पूर्ण अनोळखी असू शकतो, हे एकट्या प्रवास करणाऱ्या वयस्क भिक्खुणीला आधी कळायला हवे. आता आरक्षणाचा पहिला चार्ट गाडी सुटण्याच्या चार तासांऐवजी बराच आधी लागू लागला आहे, याचा फायदा मी स्वतः अनुभवला आहे. फक्त त्याची सूचना इंग्रजी संक्षेपांच्या ज्या भाषेत येते, ती इंग्रजी जाणणाऱ्यालाही उलगडत नाही. सिंहली, थाई, बर्मी, व्हिएतनामी, जपानी, कोरियन, चिनी आणि तिबेटी या भाषांत एक पानभर मजकूर तयार करून परदेशी खात्यावरून निघालेल्या प्रत्येक तिकिटासोबत तो आपोआप जावा, यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. बोधगयेत या बहुतेक देशांचे विहार आहेत. भाषांतर तपासून द्यायला तेथील भिक्खू आनंदाने तयार होतील.

आता प्रत्यक्ष प्रवास. आम्ही निघालो तो दिवस आश्विन पौर्णिमेचा होता. आपल्याकडे ती कोजागिरी. श्रीलंकेत तो वप् पोया, वर्षावासाच्या समाप्तीचा दिवस. पोयाच्या दिवशी टीचर अष्टशील पाळतात, म्हणजे माध्यान्ह उलटल्यावर घन आहार घेत नाहीत. गाडीत जेवणाची मागणी नोंदवताना मी ‘बाराच्या आत’ असे सांगून ठेवले होते आणि देणाऱ्याने होकारही भरला होता. डबा आला तेव्हा इटारसी मागे पडून बराच वेळ झाला होता आणि घड्याळात सव्वा वाजला होता. टीचरांनी घड्याळाकडे पाहिले, डब्याच्या कागदावरचा वाफेचा ओलावा रुमालाने पुसला, आणि तो डबा तसाच समोरच्या बाकावरच्या एका मजुराच्या मुलाला दिला. स्वतः दिवसभर बिनदुधाच्या चहावर राहिल्या. त्यांची काही तक्रार नव्हती. दान झाले म्हणून त्या प्रसन्नच होत्या. तक्रार माझी आहे. उपासाच्या पदार्थांची मागणी नवरात्रात आणि श्रावणात आपली खानपान व्यवस्था समजून घेते. तशीच ‘दुपारी बाराच्या आत जेवण’ ही एक नोंद मागणीच्या अर्जात ठेवली, तर केवळ पोयाच्या दिवशीच नव्हे, तर बाराही महिने विकाल भोजन वर्ज्य असलेल्या भिक्खूंची मोठी सोय होईल. हे भिक्खू भारतीयही असतात, आणि महाराष्ट्रातील अनेक भिक्खूंना रेल्वेत हीच अडचण येते.

पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे आम्ही अजूनही ज्याला मुघलसराय म्हणतो, तिथे गाडी बदलून पुढे गया. दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर. या टप्प्यात डेहरीजवळ सोन नदीवरचा पूल लागतो. १९०० साली वाहतुकीस खुला झालेला, तीन किलोमीटरांहून लांब असलेला हा पूल दीर्घकाळ देशातला सर्वांत मोठा रेल्वेपूल होता. पौर्णिमेच्या उजेडात वाळूचे पट्टे आणि मधूनच पाण्याच्या धारा कितीतरी वेळ सरकत राहिल्या आणि टीचर डब्याच्या खिडकीला कपाळ टेकवून हलक्या आवाजात सुत्तपठण करत होत्या. डब्यातली बाकी माणसे झोपलेली होती. या प्रवासासाठी त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या. रेल्वेने त्यांना जे दिले ते खरोखर मोठे आहे, आणि म्हणूनच जे थोडक्यासाठी राहून जाते त्याबद्दल इतक्या तपशिलाने लिहावेसे वाटते.

राहून जाणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहिती. ग्रँड कॉर्ड या गयेवरून जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर धावणाऱ्या, हावडा आणि दिल्ली जोडणाऱ्या अनेक गाड्या गयेला रात्री किंवा पहाटेच्या अंधारात पोहोचतात, आणि काही मिनिटेच थांबतात. वंदे भारतच्या डब्यात पुढचे स्थानक कोणते हे फलकावर दिसते आणि ऐकूही येते. साध्या मेल-एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात बहुधा यातले काहीच नसते. मराठी माणूस शेजाऱ्याला विचारतो, मोबाइलवर गाडी कुठे आली ते पाहतो, १३९ वर फोन करून उतरण्याच्या स्थानकाची सूचना लावून ठेवतो. ज्याच्याकडे भारतीय सिमकार्ड नाही आणि हिंदीचा एक शब्द येत नाही, तो रात्रभर जागा राहतो आणि प्रत्येक थांब्यावर बॅग घेऊन दाराशी जातो. आमच्या गाडीतील तिकीट तपासनीसांनी टीचरांचा पासपोर्ट पाहिल्यावर ‘गया जी येण्याआधी मी सांगेन, माताजी, झोपा तुम्ही’ असे म्हटले आणि खरोखरच डेहरी सोडल्यावर परत येऊन सांगितले. त्या गृहस्थांचे नाव मी विचारून घ्यायला हवे होते. पण एका भल्या माणसाने मनाने केलेले काम हे व्यवस्थेचे काम व्हायला हवे. परदेशी पासपोर्टवर आरक्षण झालेल्या प्रवाशांची नावे तपासनीसाच्या हातातील यंत्रावर वेगळ्या रंगात दिसावीत, आणि रात्री उतरणाऱ्यांना अर्धा तास आधी उठवणे त्यांच्या कामात धरले जावे, इतके पुरे आहे. प्रवाशाने दिलेल्या ईमेलवरही तशी सूचना जाऊ शकते. ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. आमच्या विहारात आलेल्या एका थाई उपासकाची गाडी एका मोठ्या जंक्शनवर अशीच डोळ्यांसमोरून निघून गेली. घोषणा झाली होती, पण कोणत्या फलाटावरून कोणत्या फलाटावर, हे त्याला त्या गोंगाटात उमगले नाही.

गया हे काही लहानसहान स्थानक नव्हे. पितृपक्षात देशभरातून लाखो लोक इथे पिंडदानाला उतरतात आणि त्या पंधरवड्यात रेल्वे तिथे जी व्यवस्था उभी करते ती वाखाणण्यासारखी असते. महाराष्ट्राचे या शहराशी नाते जुने आहे. आज दिसणारे विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवून घेतलेले आहे. २०२५ मध्ये बिहार सरकारने शहराचे नाव ‘गया जी’ केले. स्थानकाच्या पुनर्विकासाचे मोठे कामही हाती घेतलेले आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहिण्याची हीच वेळ योग्य वाटली. इमारत उभी राहून रंग लागल्यावर नकाशात बदल होत नाहीत.

बोधगयेला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. गया जंक्शनपासून महाविहार सुमारे १५ किलोमीटरवर आहे आणि हे अंतर ऑटोने, ई-रिक्षाने किंवा ठरवलेल्या गाडीने कापावे लागते. दिवसा ते अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. पहाटे तीन वाजता उतरलेल्या परदेशी बाईसाठी हेच १५ किलोमीटर साऱ्या प्रवासातले सर्वांत अवघड असतात. भाडे किती, वाहन कोणाचे, रस्ता किती निर्मनुष्य, यातले काहीच तिला ठाऊक नसते, आणि जाणकार मंडळी तिला उजाडेपर्यंत स्थानकातच थांबायला सांगतात. थांबायचे तर कुठे, हा प्रश्न उरतो. म्हणून नव्या इमारतीत महिलांसाठी रात्रभर उघडे असणारे, दिव्याचे आणि राखणीचे प्रतीक्षालय असावे, तिथेच भिक्खू-भिक्खुणींना स्वतंत्र बसता येईल अशी जागा असावी, आणि निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हंगामात एक मदतकक्ष रात्रीही चालू असावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेल्वेच्या तिकिटातच बोधगयेपर्यंतची बस समाविष्ट करावी. जपानमधील कोयासान हे शिंगोन पंथाचे मुख्य क्षेत्र डोंगरमाथ्यावर आहे. कुकाई या आचार्यांनी नवव्या शतकात त्याचा पाया घातला. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून निघालेला परदेशी माणूस तिथे एकाच तिकिटावर पोहोचू शकतो: गोकुराकुबाशीपर्यंत रेल्वे, तिथून पाच मिनिटांची केबल कार, आणि वर गेल्यावर विहारांकडे नेणारी बस. गाडी आली की केबल कार तयार असते, केबल कार वर पोहोचली की बस उभी असते. त्याला कुठेही घासाघीस करावी लागत नाही आणि रस्ता विचारावा लागत नाही. जपानचा पैसा आणि यंत्रणा आपल्याकडे नाही हे मान्य आहे, पण १५ किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर गाड्यांच्या वेळा पाहून सुटणारी बस आणि तिकिटाच्या पैशांत तिचे भाडे, यासाठी जपानचे वैभव लागत नाही. त्यासाठी रेल्वे, बिहार राज्याचे परिवहन खाते आणि बोधगयेचे स्थानिक प्रशासन यांनी एकदा एका टेबलाशी बसण्याची आवश्यकता आहे, आणि ती बैठक बोलावण्याचा अधिकार मंडळाकडे आहे. २००२ मध्ये युनेस्कोने महाबोधी महाविहाराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेव्हापासून ही बैठक व्हायला पुरेसा अवधी मिळाला आहे.

महाराष्ट्रातून गयेला जाणाऱ्या गाड्यांबद्दलही लिहायला हवे, कारण आमच्याकडून निघणारा परदेशी पाहुणा त्यांवरच अवलंबून असतो. मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याला जाणारी मेल गयेवरून जाते. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेसही गयेला थांबते, पण ती आठवड्यातून एकदाच. बेंगळुरूहून नागपूरमार्गे दानापूरला जाणाऱ्या गाडीचे नाव संघमित्रा एक्स्प्रेस. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेत अनुराधपूरला गेली, हे श्रीलंकेतल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. तिच्या नावाची ही गाडी मुघलसरायला येऊन पाटण्याच्या बाजूला वळते आणि बोधिवृक्षाच्या वाटेवर जात नाही, हे समजल्यावर टीचरांना फार आश्चर्य वाटले. तिचा मार्ग बदला अशी मागणी मी करत नाही. पाटण्याकडे जाणाऱ्या हजारो कामगारांची ती जीवनवाहिनी आहे. पण तिला जोडून मुघलसरायहून गयेला नेणारी एक ठरलेली गाडी असावी, आणि ती दोन्ही गाड्यांच्या एकत्र तिकिटावर मिळावी. पहिली गाडी लेट झाली तर दुसरीतील जागेचे काय होणार, हे तिकिटावरच लिहिलेले असावे. दीक्षाभूमी एक्स्प्रेसच्या फेऱ्या निदान ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात वाढवाव्यात, ही मागणी मात्र मी नि:संकोचपणे करते. तिचा लाभ परदेशी पाहुण्यांपेक्षा मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या त्या असंख्य कुटुंबांना होईल, जी आयुष्यात एकदा तरी बोधगयेला जायचे म्हणून वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकतात.

यात्रेकरूंसाठी रेल्वे काय करू शकते हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. आषाढीला पंढरपूरसाठी अमरावती, नागपूर, लातूर अशा कितीतरी ठिकाणांहून विशेष गाड्या सुटतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांसाठी, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरकडे येणाऱ्यांसाठीही त्या सोडल्या जातात. फलाटावर पिण्याच्या पाण्यापासून गर्दीच्या नियोजनापर्यंत सगळे त्या दिवसांत कसे बदलते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. परदेशातून येणारा उपासक संख्येने त्या मानाने मूठभर आहे. म्हणून त्याच्यासाठी काही करणे सोपे आहे, आणि मूठभर असल्यामुळेच तो फायलीत मागे राहतो.

तो इथे नवखा नाही. इसवी सनाच्या सातव्या शतकात चीनमधून आलेला ह्युएन त्संग महाबोधीच्या दर्शनाला गेला होता आणि पुढे पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. २२ जानेवारी १८९१ रोजी श्रीलंकेचे तरुण अनागारिक धर्मपाल बोधगयेला पोहोचले, तिथली दुरवस्था पाहून त्यांनी त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन केली आणि उरलेले आयुष्य त्या स्थळासाठी वेचले. जपानमध्ये जन्मलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई नागपूरला आले ते इथलेच झाले, आणि महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापनाच्या प्रश्नावर इथल्या जनतेला त्यांनी रस्त्यावर उतरवले. आज महाबोधीभोवती थायलंड, जपान, भूतान, म्यानमार, व्हिएतनाम, श्रीलंका यांचे विहार उभे आहेत. त्या परिसराचे आजचे रूप घडवण्यात परदेशी यात्रेकरूंचा वाटा इतका मोठा आहे की त्यांच्या प्रवासाकडे पर्यटनाची एक लहानशी शाखा म्हणून पाहणे मला अपुरे वाटते.

आम्ही गयेला उतरलो तेव्हा अजून अंधार होता. टीचर प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत बसल्या, मी त्यांच्या शेजारी. सहा वाजता आम्ही बाहेर पडलो, ओळखीतून आधीच ठरवून ठेवलेल्या ऑटोने निघालो आणि सकाळच्या वंदनेला महाविहारात होतो. ओळखीतून, हे पुन्हा लक्षात आणून देते. तो ऑटो, ते तिकीट, तपासनीसांचा तो शब्द, यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी ओळखीने किंवा मनाच्या मोठेपणाने झाली. परत गेल्यावर टीचरांनी त्यांच्या गावातल्या आणखी काही बायकांना घेऊन पुन्हा येण्याचे ठरवले आहे, आणि या वेळी कोणाला त्रास न देता आपले आपण यायचे, असे त्या पत्रात लिहितात. नियम आजच्यासारखेच राहिले, तर मी त्यांना तसे करू नका असेच सांगेन, आणि ते सांगताना मला फार वाईट वाटेल.

पासपोर्टवर तत्काळ तिकीट, स्लीपर आणि थ्री टायर एसीतही परदेशी कोटा, आणि गया ते बोधगया बसचे जोडतिकीट या तीन गोष्टींबाबत मंडळाने येत्या हंगामाआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत, काही निर्णय घ्यावा आणि तो जाहीर करावा, अशी विनंती आहे. बाकीच्या सूचनांना वेळ लागला तरी चालेल. या पत्राचा हिंदी अनुवाद टपालाने मंडळाकडे पाठवला आहे आणि त्याच्या प्रती पूर्व मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना व बिहारच्या पर्यटन खात्याला दिल्या आहेत. मंडळाने चर्चेला बोलावले, तर आमच्या विहारातर्फे आम्ही स्वखर्चाने येऊ, आणि ज्यांनी या वाटेने प्रवास केला आहे अशा परदेशी पाहुण्यांची लेखी निवेदनेही सोबत आणू.

आपली नम्र,
नागपूर येथील एक उपासिका व नियमित रेल्वे प्रवासी